कोऱ्या ताटलीतली टकटक

काकूंना प्रयोगशाळेत कुणी नावानं हाक मारलेली कुणाला आठवत नाही. मोठ्या मॅडमपासून दारावरच्या माणसापर्यंत सगळ्यांच्या त्या काकूच. काम काय, तर जेवण घालणं. माणसांना नव्हे, पेशींना. स्वच्छ ताटल्यांच्या तळाला चिकटून बसलेल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं कालचं गुलाबी पाणी रोज सकाळी काढायचं आणि आजचं घालायचं. सगळी दुनिया त्याला प्लेट आणि मीडिया म्हणते. काकू ताटली आणि जेवण म्हणायच्या, आणि हळूहळू बाकीचेही तसंच म्हणायला लागले.

बाई नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आल्या की आधी कोपरापर्यंत हात धुणार, झगा घालणार, हूडची काच वर करणार. हूड म्हणजे स्वच्छ हवा खेळवणारं कपाट, त्यात हात घालून काम करायचं. तिथे बसल्या की तोंडाला कुलूप. पेशींना ऊब देणाऱ्या इन्क्युबेटरमधून ताटल्या काढताना मात्र त्याचं दार इतक्या हळू उघडत, की जणू आत कुणाचा डोळा लागलाय. नवी पोरं हसायची. हसू देत. काकूंच्या हातची ताटली कधी नासली नाही आणि हसणाऱ्यांच्या दर महिन्याला नासत होत्या.

त्यांच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम क जीवनसत्त्वाचं. तेच ते, लिंबात नि संत्र्यात असतं ते. इथे ते पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाटलीत यायचं. काकू भुकटी तोलायच्या, गार पाण्यात विरघळवायच्या, गाळून नळीत भरायच्या आणि नळीला लगेच चांदीचा कागद गुंडाळायच्या, कारण हे पाणी उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, ऊबही सोसत नाही. सकाळचं संध्याकाळी निकामी. इथे शिळंपाकं चालत नाही, रोज ताजं, सणवार नाही की सुट्टी नाही. चष्मा लावणारा एक संशोधक पोरगा तिथे होता, त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. तो रोज विचारायचा, काकू, लिंबू पिळलंत का? आणि काकू रोज तेच उत्तर द्यायच्या, पिळलं, आता तू डोकं पीळ.

काकूंचे यजमान पाट्या रंगवणारे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. गावभर त्यांची अक्षरं. माणूस गमत्या, पण अक्षराला हात घातला की गंभीर. रंगारीबुवांची एक खोड होती. ब्रश रंगात बुडवला की डब्याच्या काठावर जादा रंग झटकायचा, तोही एका ठेक्यात. टक-टक, मग जरासं थांबून, टक. पाटीवर पहिली रेघ ओढायच्या आधी ही तीन टकटक झालीच पाहिजे. घरी चहा ढवळला तरी चमचा कपाच्या काठावर तसाच वाजायचा. काकू सुरुवातीला वैतागायच्या. मग सवय झाली, मग त्या आवाजाशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखीच वाटेना.

आणि एक दिवस रेघ हलली. आधी बोट, मग मनगट, मग सगळा उजवा हात. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. मेंदूतल्या एका कोपऱ्यातल्या पेशी मरतायत, हाताला ताब्यात ठेवणारं रसायन त्याच बनवतात. पाट्या रंगवणाऱ्याचा हात थरथरायला लागला तर त्यानं खायचं काय? शेवटी शेवटी काकूच त्यांना भरवायच्या. जेवताना त्यांचा उजवा हात ताटाशेजारी नुसता फडफडायचा. काकू आपला डावा हात त्याच्यावर ठेवून दाबून धरायच्या आणि उजव्यानं घास द्यायच्या. घास द्यायला उशीर झाला तर रंगारीबुवा डाव्या हातात चमचा धरून ताटाच्या काठावर वाजवायचे. टक-टक, टक. जित्याची खोड, दुसरं काय.

याच सुमाराला मॅडमना अशा रोग्यांची कातडी हवी होती. अगदी तांदळाच्या दाण्याएवढी, दंडाच्या आतल्या बाजूची. काकूंनीच नवऱ्याला नेलं. मॅडमनी समजावून सांगितलं, की या कातडीच्या पेशींना आम्ही उलटं चालवत बाळपणात नेतो, त्यांच्या मूळपेशी करतो. मग त्यांना मेंदूच्या वाटेला लावतो. तुमच्याच मेंदूच्या पेशी, पण नव्याने जन्मलेल्या. त्यांच्यात काय बिघडतं ते बघता येईल. रंगारीबुवा म्हणाले, हातानं दगा दिला, आता कातडीनं तरी काही कमवावं. सगळे हसले.

दाराबाहेर आल्यावर मात्र ते थांबले.

"अगं, ऐक. मी आहे तोवर काय करायचं ते करा. मी गेलो की सगळं फेकून द्यायचं. माझा एक कणही थरथरत ठेवू नकोस."

"काहीतरीच बोलता."

"शपथ घे."

काकूंनी त्यांचा थरथरता हात धरून शपथ घेतली. रंगारीबुवांनी परत आत जाऊन मॅडमनाही तेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तुमच्यामागे काकू ज्या दिवशी सांगतील त्या दिवशी बंद करू. म्हणजे सगळं काकूंच्या एका शब्दावर आलं.

रंगारीबुवा गेले, त्याला आता बराच काळ लोटलाय. दिवसकार्य उरकून काकू कामावर आल्या, हात धुतले, इन्क्युबेटर उघडला. समोर नवऱ्याच्या ताटल्या. अंगाइतक्याच उबेत, नीट, जिवंत. घरातला पलंग रिकामा, चपला रिकाम्या, खुंटीवरचा सदरा रिकामा, आणि इथे हे! काकूंना हुंदका आला, तो त्यांनी मास्कच्या आतच जिरवला. आज सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. मग उद्या सांगू. परवा सांगू. परगावी असलेल्या मुलीनं फोनवर विचारलं, आई, बाबांनी सांगितलं होतं ते केलंस ना? काकू म्हणाल्या, हो, झालं. जन्मात लेकीशी खोटं न बोललेली बाई, आणि इतक्या सहज बोलून गेली.

त्याच ताटल्यांवर मॅडमनी नवा प्रयोग काढला. त्याच माणसाच्या मूळपेशी, दोन वाटण्या. एकीला रोज क जीवनसत्त्व द्यायचं, दुसरीला द्यायचं नाही, बाकी सगळं जेवण सारखं. काकूंनी दुसरीचं नाव ठेवलं कोरी ताटली. यात काय बघायचं, ते मॅडमनी चहा पिता पिता सांगितलं. मूळपेशी काहीही होऊ शकते, पण तिच्या आतल्या सूचनांवर जागोजागी बंदीचे शिक्के बसलेले असतात. मेंदूची पेशी व्हायचं तर नेमके काही शिक्के पुसावे लागतात. ते पुसणारी यंत्रणा पेशीत असते, आणि तिला मदतीला लागतं हे क जीवनसत्त्व. काकूंना ते लगेच पटलं. जुनी पाटी खरवडल्याशिवाय नवं अक्षर बसत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

मॅडम आणखी एक गोष्ट बोलून गेल्या. म्हणाल्या, उंदराचं शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवतं, माणसाला ते बाहेरून मिळवावं लागतं. आणि कमी पडलं, तर बाकीचं अंग आपलं सोडून देतं, मेंदू मात्र आपला वाटा शेवटपर्यंत धरून ठेवतो. काकू म्हणाल्या, आमच्यांसारखाच, ताट उचललं तरी चमचा सोडायचे नाहीत. मॅडम हसल्या. काकू हसल्या नाहीत.

कारण रोज सकाळी त्यांना काय करायला लागत होतं ते बघा. एका ताटलीला चांदीच्या कागदातल्या नळीतलं थेंबभर पाणी द्यायचं आणि शेजारच्या ताटलीवर नुसतं झाकण ठेवायचं. दोन्हीकडे तेच, त्यांचेच. नवऱ्याला अर्धा जेवू घालायचा आणि अर्धा उपाशी ठेवायचा, यासाठी का त्याला जपून ठेवला? काकू मनाला समजवायच्या, की पेशींना भूकबीक काही कळत नाही. हात आपलं काम करायचे. नेम म्हणजे नेम. काकूंनी तो कधी मोडला नाही. निदान त्यांची तशी पक्की समजूत होती.

काही आठवड्यांनी पेशी मोठ्या झाल्या. मेंदूच्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक ठोके देतात. त्या ताटल्यांच्या तळाला तारा होत्या, त्या ते ठोके टिपायच्या. चष्मेवाल्यानं यंत्राला छोटा स्पीकर जोडला होता, आकडे बघण्यापेक्षा ऐकायला मजा येते म्हणून. भर दुपारची वेळ, बाकी सगळे जेवायला गेलेले, काकू टेबल पुसत होत्या. क ची ताटली लावली तर तडतड सुरू झाली, तव्यावर दाणे भाजावेत तशी, ना आगा ना पिछा. चष्मेवाला खूश. मग त्यानं कोरी ताटली लावली. म्हणाला, ही बहुतेक मुकी असणार.

थोडा वेळ ती मुकीच होती. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली, तेवढाच आवाज. आणि मग स्पीकरमधून आलं.

टक-टक. जरासं थांबून, टक.

काकूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. परत. टक-टक, टक. मध्ये तेवढाच अवकाश, डब्याच्या काठावरून ब्रश उचलून पाटीकडे नेण्याइतका. अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली कुठेतरी काकूंना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या खुर्ची ओढून बसल्याच. चष्मेवाला म्हणाला, अरे वा, ठेका धरलाय की. मग डोकं खाजवून म्हणाला, पण हिनं बोलायला नको होतं.

तेव्हापासून काकूंचा जेवणाचा डबा त्या स्पीकरशेजारी उघडायला लागला. चष्मेवाला ताटल्या लावून जेवायला जायचा आणि काकू ऐकत बसायच्या. क ची ताटली नुसती तडतडायची. टकटक यायची ती फक्त कोरीतून, उपाशी ठेवलेलीतून. काकूंना वाटे, हाक मारतायत. घासाला उशीर झालाय. त्या डब्यातला घास उचलायच्या आणि तो घशाखाली उतरायचा नाही. घरी आल्यावरही कान तिकडेच. एकदा मुलगी फोनवर म्हणाली, आई, तू माझं ऐकतच नाहीयेस, कुणी आलंय का तिथे? काकू पटकन बोलून गेल्या, नाही गं, अजून नाही.

इकडे मॅडम चक्रावल्या होत्या. कोऱ्या ताटलीत मेंदूच्या पेशी थोड्याफार निघतातच, पण या तर जवळजवळ क च्या ताटलीइतक्याच भरल्या होत्या. मॅडमनी काकूंना बोलावून सरळ विचारलं, नळी चुकून दुसऱ्या ताटलीत गेली नाही ना? काकूंनी गळ्याला हात लावून सांगितलं, की माझ्या हातून तसं होणार नाही. मॅडमचा विश्वास होताच. पण मागे ताटल्या नासायच्या तेव्हा हूडवर एक कॅमेरा बसवला होता. मॅडम म्हणाल्या, बघून टाकू, म्हणजे तुमच्यावरचा संशय फिटेल. काकू म्हणाल्या, बघाच.

तिघं पडद्यासमोर बसले. पडद्यावर काकू. झगा, मास्क, हातमोजे. क च्या ताटलीला थेंब दिला, झाकण लावलं, थेंब सोडायचं पिपेट खाली ठेवलं. इथपर्यंत सगळं नेमाचं. मग पडद्यावरच्या काकूंनी मान वळवली. डावीकडे, जरा मागे, कुणी खांद्याशी येऊन काही सांगावं तशी. तिथे कुणीच नव्हतं. भिंत होती. काकूंनी मान हलवली, हो म्हणावं तशी. मग पिपेट परत उचललं, चांदीच्या नळीत बुडवलं, नळीच्या काठावर वाजवलं, दोनदा, आणि थांबून एकदा, आणि कोऱ्या ताटलीत थेंब सोडला. डावा हात तेवढा वेळ ताटलीशेजारी पालथा, काहीतरी दाबून धरल्यासारखा.

चष्मेवाल्यानं दुसरा दिवस लावला. तेच. तिसरा लावला. तेच. मान वळवायची, ऐकायचं, हो म्हणायचं, वाजवायचं, भरवायचं. काकू डोळे फाडून बघत होत्या. यातलं अक्षरही त्यांना आठवत नव्हतं. त्या रोज नुसतं झाकण लावून उठत होत्या, एवढंच त्यांना ठाऊक. मग पडद्यावरची ती बाई कोण? आणि ती कुणाचं ऐकतेय?  चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातलाच नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. दमला आहात, म्हणाल्या. होतं असं, हात सवयीनं चालतो आणि मन दुसरीकडे असतं. हा प्रयोग बाद धरू. त्यांच्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्या आहेत अजून, त्यांच्यातली एक वितळवू आणि पुन्हा पहिल्यापासून करू. या वेळी जेवण दुसरं कुणी घालेल.

पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे परत त्यांना बाळ करायचं, परत वाढवायचं, परत अर्धं उपाशी ठेवायचं, आणि ते परत टकटक करत बसणार, आणि समोर घास घेऊन कुणी नसणार.  मी गेलो की सगळं फेकून द्यायचं, असं त्या माणसानं थरथरत्या हातानं हात धरून सांगितलं होतं. आणि आपण काय केलं? आपल्याला घर खायला उठतं म्हणून त्याला इथे ताटकळत ठेवलं.

"नको मॅडम," काकू म्हणाल्या. "त्यांना आता सोडा. मी शब्द दिला होता."

 मॅडम हळूच म्हणाल्या, मलाही सांगितलं होतं त्यांनी. मी वाट बघत होते तुमच्या शब्दाची. आणि खरं सांगू, काम छान चाललं होतं, म्हणून मी आठवणही करून दिली नाही. 

काकूंनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. चष्मेवाल्यानं वाफाळत्या गार टाकीतून कुप्या काढून दिल्या. काकूंनी एकेक वितळवून ब्लीचच्या भांड्यात रिकामी केली. शेवटी दोन ताटल्या उरल्या. चष्मेवाला स्पीकर बंद करायला उठला, तर काकूंनी त्याला खुणेनं थांबवलं. कोरी ताटली वाजत होती. टक-टक, टक. काकूंनी चांदीच्या कागदातली नळी घेतली आणि या वेळी पूर्ण शुद्धीत, मॅडम आणि चष्मेवाल्याच्या देखत, कोऱ्या ताटलीत एक थेंब सोडला. घ्या, म्हणाल्या. थोडा वेळ जाऊ दिला, गिळायला जातो तेवढा. मग दोन्हींत ब्लीच ओतलं. गुलाबी पाणी जांभळट झालं, मग फिकं पडलं, मग नुसतं पाणी. क ची तडतड लगेच थांबली. कोरीतून एकदा टक-टक आलं. तिसरी टकटक आली नाही. तिघंही तिची वाट बघत होते.

संध्याकाळी काकू घरी आल्या. मुलीला आपणहून फोन केला आणि म्हणाल्या, आज झालं. मागे खोटं बोलले होते, आज खरंच झालं. मुलगी रडली, काकूही रडल्या, आणि रडून मोकळ्या झाल्या. खुंटीवरचा सदरा काढून त्यांनी घडी केली. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा वाटत होता. चहा केला. एकाच कपाचा. साखर घातली, ढवळला, आणि चमचा कपाच्या काठावर वाजला.

टक.

एकच. काकू कपाकडे बघत राहिल्या. ही खोड त्यांची कधीच नव्हती. दुपारपासून राहिलेली तिसरी टकटक, ती इतकी नेमकी या हातात कुठून आली? त्यांनी चमचा बशीत ठेवला. ठेवल्यावरही उजव्या हाताचं बोट हलत होतं, अगदी बारीक, पाटीवरची पहिली रेघ हलली होती तेवढंच. काकूंनी थांब म्हटलं. ते थांबलं नाही. माझा एक कणही थरथरत ठेवू नकोस, म्हणाले होते. सगळ्या कुप्या रिकाम्या केल्या, सगळ्या ताटल्या ओतल्या, एकही ठेवली नाही, असं त्या मघाशीच तर लेकीला सांगून बसल्या होत्या.

त्यांनी डावा हात उचलला आणि उजव्यावर ठेवून घट्ट दाबून धरला, जेवताना नवऱ्याचा धरायच्या तसा. चहावर साय धरली तरी त्या तशाच बसून होत्या.